भिंगरी बाईंचं विशेषनाम

प्रार्थना आमोस भिंगारदिवे हिला स्वतःचं नाव दिवसातून एकदाच ऐकू यायचं. सकाळी साडेदहाला परिपाठ सुरू झाला की सहावी-सातवीतलं कुणीतरी पोर माइकपाशी जायचं, घसा खाकरायचं आणि म्हणायचं, "यानंतर प्रार्थना." बस्स, तेवढंच. आणि तेही काही तिच्यासाठी नसायचं. शंभर-सव्वाशे पोरं हात जोडून डोळे मिटायची आणि ही बावीस वर्षांची बाई शेवटच्या रांगेमागे, लिंबाच्या झाडाखाली दर वेळी उगाच दचकायची. हसू नका. चार महिने कुणी तुम्हाला नावानं हाक मारली नाही ना, तर तुम्हीही दचकाल.

खरं तर ती इथं यायचीच नव्हती. नगरच्या ज्या अध्यापक विद्यालयात ती शिकत होती, तिथं दुसऱ्या वर्षाला चार महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. चार-चार पोरींचे गट पाडतात, जवळपासच्या शाळा देतात, आणि एकमेकींच्या डब्यात हात घालत, मोठ्या सरांच्या नकला करत ते दिवस कसे निघून जातात कळतही नाही. प्रार्थनाच्या गटाला भिंगारची शाळा मिळाली होती, घरापासून सायकलवर दहा मिनिटं. पण गटाच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत वर होतं आणि घाईत नुसतंच 'प्रार्थना' असं लिहिलेलं होतं. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. कुठल्याही कागदावर पहिल्या ओळीला प्रार्थनाच असते की! त्यांनी ती ओळ उडवली, खाली तीनच पोरी उरल्या म्हणून चौथी दुसरीकडून आणून घातली आणि कागदावर सही घेऊन टाकली.

चूक कळली तेव्हा जवळच्या शाळा संपल्या होत्या. उरली होती चिंचखडी. मिरजगावच्या अलीकडे हमरस्ता सोडून चार किलोमीटर आत, सातवीपर्यंतची शाळा. गावात एसटी यायची दोनदा, आणि दोन्ही वेळा शाळेच्या उपयोगाची नाही. भाऊसाहेब बिचारे हळहळले, पण शेवटी म्हणाले काय, तर तुमचं नावच असलं, बाई. जणू बारसं हिनंच केलं होतं.

बारसं केलं होतं आमोस मास्तरांनी, तिच्या वडिलांनी. लग्नानंतर नऊ वर्षं घरात पाळणा हलला नाही. नवरा-बायको रोज गुडघ्यावर येऊन मागायचे, आणि मग ही झाली. दुसरं काय नाव ठेवणार? मास्तर जन्मभर पारनेरकडच्या शाळांतून शिकवत हिंडले. लेक बारावीला असताना गेले. लेकीनं मास्तरीण व्हावं असं ते कधी तोंडानं म्हणाले नाहीत, पण पोरगी भावल्या भिंतीला टेकवून त्यांना पाढे म्हणायला लावायची, तेव्हा हातातला पेपर खाली ठेवून बघत बसायचे. तेवढ्यावर ती इथवर आली होती.

जुलैच्या पहिल्या सोमवारी ती चिंचखडीच्या शाळेत हजर झाली. मुख्याध्यापक काकासाहेब, ज्यांना सगळी शाळा 'मोठे सर' म्हणायची, तेव्हा पोषण आहाराच्या तांदळाचं वजन करून घेत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाव?"

"प्रार्थना."

"प्रार्थना झाली मघाशीच. तुमचं नाव सांगा."

ऑफिसातली बाकीची तिघं शिक्षकमंडळी खो-खो हसली. आता यात वाईट काही नव्हतं. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. हिनंही हसून म्हणायला हवं होतं, अहो सर, तेच माझं नाव. विषय तिथंच मिटला असता. पण नवी जागा, नवी माणसं, सकाळपासून पोटात अन्न नाही. ती म्हणाली, "भिंगारदिवे." सरांनी वहीत भिंगारदिवे लिहिलं आणि ती चार महिन्यांसाठी भिंगारदिवे बाई झाली. पोरांच्या जिभेला ते लांबलचक पडलं. दोन दिवसांत त्याची 'भिंगरी बाई' झाली. तिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानशिलं तापली. मग सवय झाली. सवय झाली हे जास्त वाईट.

पाच वाजता शाळा सुटायची आणि चारी शिक्षक गाड्यांना किका मारून कर्जतकडे, मिरजगावकडे निघून जायचे. राहायची ती ही एकटी. कडूबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरात तिला पडवीलगतची खोली मिळाली होती. कडूबाईंना कमी ऐकू यायचं आणि बोलायची हौसही बेताची होती. पहिल्या दिवशी कोणाची म्हणून विचारलं. ख्रिस्ती म्हटल्यावर म्हातारी जरा थांबली आणि म्हणाली, "बरं. मटन करायचं तर भाईरच्या चुलीवर कर. गुरवारी करू नगं." झालं, एवढीच ओळख. हाक मारायची ती "ये मास्तरनी" अशी. सात वाजता भाकरी खाऊन म्हातारी जी आडवी व्हायची, ती पहाटेलाच उठायची.

संध्याकाळी प्रार्थना दुसऱ्या दिवसाच्या पाठाचं टाचण काढायची. टाचण म्हणजे पाठाचा सगळा आराखडा: उद्दिष्ट काय, बाईंनी काय विचारायचं, मुलांनी काय उत्तर द्यायचं. मुलांची उत्तरंसुद्धा बाईंनीच लिहायची असतात. रकाने आखून ती लिहीत बसायची. 'शिक्षक : शाब्बास, खाली बस.' कधी-कधी आपल्याच आवाजात वाचून बघायची, खोलीत कुणाचा तरी आवाज व्हावा म्हणून.

रविवार मात्र खायला उठायचा. घरी रविवार म्हणजे सकाळची उपासना, पांढरी साडी नेसलेली आई, चर्चच्या फाटकात तासभर रेंगाळणाऱ्या बायका, दुपारी रश्शाचा वास. इथं रविवारी ती खोलीचं दार ओढून बायबलातला उतारा वाचायची, एक गीत हळू आवाजात म्हणायची, डोळे मिटायची. आमेन म्हणायला दुसरं कुणी नाही. साडेनऊला सगळं उरकून जायचं आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असायचा. तूर बघायला बांधापर्यंत जायची, परत यायची. एका रविवारी तिच्या लक्षात आलं की आज आपण दिवसभरात एक शब्द बोललो नाही. मग तिनं कडूबाईंच्या शेळीला विचारलं, काय गं, पाणी प्यालीस का? आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला रडू फुटलं.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. आई रोझीबाई दवाखान्यात नर्स होती. तिची ड्युटी आणि हिची वेळ जुळायची नाही. जुळली की दोघी एकमेकींना छान चाललंय म्हणून सांगायच्या. पुण्याहून मावसबहीण एंजेलाचा फोन मात्र हटकून यायचा. एंजेला एका मोठ्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर होती. तिथं जागा निघाली होती, राहायला तिची खोली होती, बोलायला दहा मैत्रिणी होत्या. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी दुपारपर्यंत होय की नाही ते सांग, नाहीतर ते लोक दुसरी मुलगी घेतील, असं तिनं बजावलं होतं. आणि मग ती असं काही म्हणाली की ते प्रार्थनाच्या काळजात रुतून बसलं. "पुढे नोकरी लागली तरी हेच ना? दुसरं गाव, दुसरी खोली. मला एवढं सांग, तिथं तुला नावानं तरी कोण ओळखतं?"

प्रार्थनानं मनाशी ठरवून टाकलं. शुक्रवारी शेवटचा पाठ आहे, कॉलेजातून सर बघायला येणार आहेत. तो द्यायचा, शनिवारी सामान उचलायचं आणि एंजेलाला होय म्हणून सांगायचं. वडिलांच्या फोटोकडे बघायचं तिनं तेवढ्यापुरतं टाळलं.

शेवटचा पाठ सहावीवर होता. पटावर एकोणीस पोरं. घटक : नामाचे प्रकार. मोठ्या सरांना तिची दया आली असावी. बुधवारी त्यांनी तिला ऑफिसात बोलावून एक युक्ती सांगितली. म्हणजे नवीन काही नव्हे, साहेब येणार म्हटल्यावर गावोगावच्या शाळांत चालते ती. वर्गाला आधीच सांगून ठेवायचं : प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय हुशार वर्ग! आणि बाईंनी फक्त उजव्या हातांना उठवायचं.

प्रार्थनाला ते पटलं नाही. पण पटलं नाही असं म्हणायची ताकदही राहिली नव्हती. दोन दिवस तिनं वर्गाकडून पाठ घटवून घेतला. गावाचं, नदीचं, माणसाचं ठेवलेलं नाव ते विशेषनाम. जे दिसत नाही, हाताला लागत नाही ते भाववाचक. पोरांना तर खेळच मिळाला. हात वर करताना एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायची. उजवे हात दहा-बारा, डावे सात-आठ. भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर धनश्री नावाची एक बारकी, गप्प मुलगी बसायची. तिचा दर प्रश्नाला डावाच हात. प्रार्थनानं मनात म्हटलं, हिला काहीच येत नाही वाटतं, आणि पुढच्या हाताकडे वळली.

शुक्रवारी अकराला कॉलेजचे बिभीषण गर्जे सर मोटारसायकलवरून आले. चहा घेतला, लाल पेन काढलं आणि वर्गाच्या मागे खुर्ची टाकून बसले. पाठ पाण्यासारखा वाहू लागला. प्रश्न पडला की एकोणीस हात वर. उजवा हात उठायचा, बिनचूक उत्तर यायचं, प्रार्थना म्हणायची शाब्बास, खाली बस. सगळं टाचणातल्यासारखं. दाराबाहेर उभे मोठे सर मिशीत हसत होते.

आता, तीस वर्षं पाठ बघत आलेल्या माणसाला ही हातांची गंमत ठाऊक नसेल होय? गर्जे सरांनी स्वतः नवखे असताना केली असणार. ते उठले. भिंतीवर परिपाठाचा तक्ता होता : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. त्यातल्या तिसऱ्या शब्दावर त्यांनी पेन टेकवलं.

"मला सांगा, 'प्रार्थना' हे कोणतं नाम?"

हे टाचणात नव्हतं. तरी हात एकोणीसच्या एकोणीस वर गेले. उजव्या हातांपैकी दोघं-तिघं तर सर आपल्यालाच उठवणार म्हणून बाकावरून अर्धी उठली होती, भाववाचक, भाववाचक असं ओठांतल्या ओठांत चाललं होतं. गर्जे सरांनी सगळ्या उजव्या हातांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावरच्या डाव्या हाताकडे बोट केलं.

"तू सांग."

मेले, असं प्रार्थनाला वाटलं. धनश्री उठली, फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि खाली बघत म्हणाली, "विशेषनाम."

कुणीतरी खुदकन हसलं. गर्जे सरांनी शांतपणे विचारलं, "विशेषनाम कसं गं? प्रार्थना दिसते का? हाताला लागते का?"

धनश्रीनं मान वर केली. सरांकडे नाही, फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं.

"ते बाईंचं नाव हाय," ती म्हणाली. "प्रार्थना आमोस भिंगारदिवे."

बोलायचं म्हणून सांगत नाही, पण त्या क्षणी प्रार्थनाच्या हातातला खडू गळून पडला. एकोणीस पोरं तिच्याकडे बघत होती आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती नक्की कुणाकडे बघताहेत हे तिला कळत होतं. गर्जे सरांनीही तिच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या लेखी ती भिंगारदिवे, हजेरी क्रमांक एकतीस. मग ते म्हणाले, बरोबर आहे, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि खुर्चीत जाऊन काहीतरी लिहीत बसले.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतून प्रार्थनानं धनश्रीला बाजूला घेतलं. तुला कसं ठाऊक म्हणून विचारलं. त्यात काय मोठं, असं त्या पोरीचं तोंड. बाईंची टाचणवही ऑफिसातून वर्गात तीच आणून द्यायची. तिच्या कव्हरवर नाव लिहिलेलं होतं. जुलैपासून माहीत होतं तिला. मग कधी बोलली का नाहीस? धनश्रीनं खिचडीची ताटली उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं खायला सुरुवात केली. प्रार्थना बघतच राहिली.

"तू डावखुरी आहेस?"

"व्हय. लिवते बी डाव्यानंच." घास गिळून तिनं पुढे सांगितलं, "मला समदं येत हुतं. पर हात वर करायचा म्हटला की ह्योच जातो. तुमी विचारलंच न्हाई."

रागानं नाही, तक्रार म्हणूनही नाही, आज खिचडीत मीठ कमी आहे म्हणावं तशी बोलली ती. पण प्रार्थनाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. चार महिने ती या वर्गावर होती. एकोणीस तर पोरं! त्यांतली एक कुठल्या हातानं लिहिते हे तिनं बघितलं नव्हतं. रात्रंदिवस टाचणात डोकं, आणि उरलेल्या वेळात आपल्याला कुणी विचारत नाही याचं दुःख. आपल्याला कुणी विचारत नाही, आणि आपण तरी कुणाला विचारलं? तिची तिलाच लाज वाटली. तिनं धनश्रीला जवळ घेतलं नाही की काही नाही, तशी सवय दोघींनाही नव्हती. नुसतं तिचं पूर्ण नाव विचारलं, घरी कोण-कोण असतं ते विचारलं, आणि रांग संपेपर्यंत ऐकत उभी राहिली.

गर्जे सरांनी पाठाच्या वहीत चांगले गुण दिले होते. खाली लाल अक्षरात एकच ओळ होती : 'टाचणातून डोके वर काढून वर्गाकडे पाहावे.'

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला परिपाठ. प्रार्थना नेहमीच्या जागी, लिंबाखाली. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. सातवीतली एक मुलगी माइकपाशी आली आणि तिनं रोजच्यासारखं म्हटलं, "यानंतर प्रार्थना."

आणि सहावीची अख्खी रांग गर्रकन मागे वळली. एकोणीस तोंडं, सगळी तिच्याकडे, दात काढून हसणारी. आणि हिच्या तोंडून काय निघावं? "हजर." अगदी हळू, पण निघालं. आता तर पोरं पोट धरून हसायला लागली. मोठे सर ओरडले, समोर बघा रे, प्रार्थना तिकडं कुठंय? पण म्हणता-म्हणता त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसाचा प्रकाश पडला असावा, कारण त्यांनी जीभ चावली आणि मग स्वतःच डोळे मिटून हात जोडले.

निरोप वगैरे फारसा झाला नाही. सरांनी नारळ दिला, एका बाईंनी पेन दिलं. साडेअकराला शाळा सुटली तशी पोरं घरी पळाली. शनिवार होता, कुणाला रानात जायचं होतं, कुणाला मिरजगावला. धनश्री तर आईबरोबर कांद्याच्या लागणीला गेली होती. कडूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. जाते म्हटल्यावर "जा, नीट जा" म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा. एका दुधाच्या टेम्पोनं प्रार्थनाला फाट्यावर सोडलं. वळकटी, पिशवी, नारळ आणि ती. एसटीचा पत्ता नव्हता. रस्त्यानं उसाच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. एकटेपणा काही कुठं गेला नव्हता. तिला पक्कं ठाऊक होतं की पुढच्या गावीही तो असणारच आहे, पडवीलगतच्या दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत.

फाट्यावर रेंज होती. बाराला पाच कमी असताना एंजेलाचा फोन आला. ते लोक थांबलेत, होय म्हणू ना, असं विचारत होती.

"नको," प्रार्थना म्हणाली. "मी नाही येत."

पलीकडे एंजेला चिडली. वेडी आहेस का, म्हणाली. किती समजावलं तुला. तिथं नावानं तरी कोण ओळखतं गं तुला?

प्रार्थनानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"एकोणीस जण," ती म्हणाली.